गळ्यातली तुळस, पातेल्यातली तुळस

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात स्वयंपाकाच्या मंडळींच्या वतीने केलेले भाषण)





शताब्दीच्या मेळाव्यात चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. आम्ही म्हणजे सामानाच्या ट्रकबरोबर पुढं जाणारी माणसं. दिंडी वाटेवर भजनात असते, तेव्हा आम्ही पुढच्या मुक्कामावर राहुट्या ठोकतो, भट्ट्या पेटवतो, टँकरची वाट बघतो. कीर्तन-प्रवचन आमच्या वाट्याला फक्त कानांनी येतं, तेही पिठलं ढवळता ढवळता. मग ठरवलं, की आपला हात ज्यात रोज असतो तेच सांगावं. म्हणून आज तुळशीबद्दल बोलणार आहोत.

तुळशीचं माहात्म्य सांगायला ही महाराज मंडळी आहेत, तो आमचा अधिकार नाही. आम्ही सांगणार आहोत ती तुळस आमच्या पातेल्यातली. तिचा उपयोग काय होतो, कसा करायचा आणि कुठं थांबायचं. हे शेवटचं आम्ही एका वर्षी फार महागात शिकलो. तेही आज सांगणार आहोत, कारण शंभर वर्षांच्या दिंडीच्या पुस्तकात चांगलं तेवढंच छापलं तर पुढच्या पोरांना त्याचा उपयोग नाही.

आपल्या दिंडीत तुळस तीन ठिकाणी असते. पहिली गळ्यात. तुळशीच्या वाळलेल्या काष्ठाचे मणी, पंढरपुरात माळा करणाऱ्या घरांतून घेतलेले. दुसरी माय-माउल्यांच्या डोक्यावर, वृंदावनात. आणि तिसरी आमच्या डब्यात, वाळवून ठेवलेली.

आमचा पहिला नियम असा, की डोक्यावरची तुळस पातेल्यात जात नाही. नवीन येणारी पोरं विचारतात, ‘काकू, एवढी तुळस आहे की डोक्यावर, चार पानं घेऊ का?’ नाही घ्यायची. ते रोप आळंदीपासून ऊन, वारा, पाऊस सोसत चालतं. खालची पानं गळतात, शेंडे माना टाकतात. ते जगवत पंढरीला न्यायचं. दुपारच्या विसाव्याला ते आधी सावलीत ठेवायचं, ओंजळभर पाणी घालायचं, मंजिऱ्या आल्या असतील तर खुडायच्या. मंजिरी खुडली की झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही, बाजूनं नवीन पालवी फुटते. आपल्या आज्या मंजिऱ्या देवाला वाहायच्या, त्यात झाडाचीही काळजी होती.

काढ्याची तुळस घरून येते. वैशाख-ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, आपापल्या अंगणातली पानं खुडायची. द्वादशीला आणि सांजवेळेनंतर तोडायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पानं धुवून, निथळून, फडक्यावर पातळ पसरायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की रंगही जातो आणि वासही. चार-सहा दिवसांत पान चुरचुरीत होतं. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. पाऊस सुरू झाल्यावर खुडलेली पानं नीट वाळत नाहीत, बुरशी धरतात. डबा उघडून नाक लावलं आणि वास आला नाही, तर ती तुळस काढ्यात घालू नये, झाडाच्या बुडाशी टाकावी.

सगळा खेळ त्या वासाचा आहे. तुळशीचं पान चुरगाळलं की थोडा लवंगेसारखा वास येतो, लक्षात आलंय का कधी? त्याला कारण आहे. लवंगेच्या तेलात जो युजेनॉल नावाचा पदार्थ असतो, तोच तुळशीच्या तेलातही असतो. हे तेल उडून जाणारं आहे. म्हणून तुळस अर्धा तास उकळत ठेवली, की सगळा गुण वाफेबरोबर राहुटीच्या बाहेर जातो. आम्हीही पूर्वी तेच करायचो. काढा जितका आटवावा तितका कडक, अशी समजूत. आता आमची रीत वेगळी आहे. ती लिहून घ्या, कारण दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

शंभर माणसांना अर्धा-अर्धा पेला द्यायचा तर बारा लिटर पाणी ठेवायचं. त्यात पाव किलो आलं ठेचून, मूठभर धणे आणि 25 ग्रॅम मिरी भरडून घालायची. याला उकळी लागते, म्हणून हे आधी. दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळलं, की गवती चहाच्या दोन जुड्या गाठी मारून सोडायच्या. मग भट्टी बंद. आता तुळस घालायची. वाळलेली असेल तर दोन ओंजळी, ताजी असेल तर चार. वर झाकण आणि झाकणावर जड काहीतरी. दहा मिनिटं कोणी उघडून बघायचं नाही. मग गाळायचं. गूळ घालायच्या आधी मधुमेहवाल्या माउलींचा काढा वेगळ्या किटलीत काढायचा आणि उरलेल्यात किलोभर गूळ. दूध घालायचं नाही. ओगराळ्यानं वाढायचा, गरम गरम प्यायचा.

दिवे घाट भिजत चढून सासवडला आलेल्या माणसाच्या हातात हा पेला दिला, की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याच्यासाठी आम्ही पहाटे तीनला उठतो.

आता जेवणातली तुळस. आपल्याकडं तुळस भाजीत किंवा फोडणीत घालत नाहीत. ती नैवेद्यावर असते. पंगत बसायच्या आधी पिठलं, भाकरी, भात, जे असेल ते पानात वाढून त्यावर तुळशीपत्र ठेवायचं, आरती करायची आणि मग ते पान सगळ्या भातात मिसळायचं. गरम भाताची वाफ लागली, की त्या एका पानाचा वास वर येतो. शंभर माणसांच्या भातात एक पान म्हणजे चव काय लागणार? पण ज्याच्या घासात ते पान येतं, तो दुसऱ्याला सांगतो, ‘मला आलं बघ.’ तीर्थातही तेच. तांब्यात चार पानं टाकून ठेवली, की तासाभरात पाण्याला मंद सुवास येतो. दूर थायलंडात मात्र हीच तुळस लसूण-मिरचीबरोबर परतून जेवणात घालतात, हे ऐकून आमच्यातल्या म्हाताऱ्या आज्यांनी कपाळाला हात लावला होता.

तुळशीची एक बहीण मात्र आपण खातो. सब्जा. तो तुळशीच्याच कुळातला आणि त्याचं बी पाण्यात टाकलं की फुगून मऊ गोळ्यासारखं होतं. ऊन तापलं असेल तेव्हा लिंबाच्या सरबतात आम्ही चमचा-चमचा भिजवलेला सब्जा घालतो. पोटाला बरा वाटतो, शौचाला साफ होते. पण किमान वीस मिनिटं भिजवून, पूर्ण फुगल्यावरच. कोरडं बी तोंडात टाकून वर पाणी प्यायलं, तर ते घशातच फुगू शकतं. लहान लेकरांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही सब्जा देतच नाही.

औषध म्हणून आमच्या अनुभवातली तुळस सांगतो. विणेकऱ्यांचा, टाळकऱ्यांचा गळा बसतो. दिवसभर भजन, त्यात धूळ, मग पाऊस. दोन-चार ताजी पानं खडीसाखरेबरोबर चघळायची, जोडीला ज्येष्ठमधाचा तुकडा. घसा ओला राहतो, आवाज मोकळा होतो. कोरड्या खोकल्याला तुळशीचा रस आणि आल्याचा रस अर्धा-अर्धा चमचा, वर मध. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कशातूनही नाही. सर्दीला वाफ घेताना पाण्यात मूठभर पाला. पातेलं जमिनीवर पक्कं ठेवून, मांडीवर घेऊन नव्हे. एकदा एकीची मांडी भाजली, तेव्हापासून वाफ आमच्यापैकी कोणीतरी समोर बसूनच देतो.

हे नुसतं आजीबाईचं नाही. चरकसंहितेत तुळशीला सुरस म्हटलंय आणि उचकी, खोकला, दमा, बरगडीतलं दुखणं यांवर ती सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत तर औषधांच्या एका गटालाच सुरसादि गण असं नाव आहे. काळी तुळस चांगली की हिरवी, यावरून आमच्यात दर वर्षी वाद होतो. भावप्रकाशात दोन्ही गुणानं सारख्या म्हटल्या आहेत, तेव्हा हा वाद इथंच मिटवू या.

काही गोष्टी मात्र ऐकीव आहेत. तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू देते असं सांगतात. तसं नाही. कोणतंही झाड प्राणवायू सोडतं ते उजेडात. तुळशीच्या वासानं डास जातात म्हणून अंगावर न घेता झोपू नका. कान दुखला की काही जण रस पिळतात. कानात काहीही पिळायचं नाही, पडदा फाटलेला असला तर कान जायचा. पायाला फोड आला की पाला वाटून बांधतात. फुटलेल्या फोडावर पाला लावायचा नाही. साबण-पाण्यानं धुवून कोरडी पट्टी बांधायची. मधुमेहवाल्यांनी तर फोड दिसताच दाखवायचा. आणि ज्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज मुठीनं पानं खाऊ नयेत. नैवेद्याच्या एका पानानं काही होत नाही, पण औषध म्हणून रोज घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वीची. आपल्या दिंडीतले एक काका, नाव घेत नाही, तुम्ही बरेच जण ओळखाल. पासष्टीच्या पुढचे, चालण्यात पोरांना मागं टाकणारे. त्या वर्षी दिवे घाटात पावसानं झोडपलं. सासवडला ते ओल्या कपड्यांतच झोपले. जेजुरीला खोकला लागला. वाल्ह्याला अंग तापलं. आम्ही म्हटलं, काका, काढा घ्या. घेतला. घाम फुटला, ताप उतरला. आम्हाला बरं वाटलं, त्यांनाही. नीरेला स्नान केलं. लोणंदला रात्री पुन्हा ताप. पुन्हा काढा, जरा कडक. पुन्हा घाम, पुन्हा उतरला. असं दोन दिवस चाललं. मुक्कामाजवळच सरकारी आरोग्य पथकाचा तंबू होता. आमच्यातल्या एका पोरीनं विचारलं, तिथं दाखवू या का? आम्ही काय म्हणालो? ‘अगं, तुळस पोटात आहे, माउली बरोबर आहे, होईल बरं.’

हे शब्द आमचे आहेत. काकांचे नाहीत.

तरडगावला रिंगण बघताना ते खाली बसले. बरगडीत दुखतंय म्हणाले, श्वास पुरेना. ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा आमची पाचावर धारण बसली. 108 ला फोन केला. गर्दीतून वाट काढत गाडी आली आणि फलटणला दवाखान्यात नेलं. फोटो काढला तर उजव्या बाजूला न्यूमोनिया, चांगलाच पसरलेला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ताप कधीपासून? आम्ही म्हणालो, चार दिवस. ते काही बोलले नाहीत. नुसतं लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काका वाचले. अकरा दिवस दवाखान्यात होते. दिंडी पंढरपूरला पोचली, द्वादशीचं पारणं सुटलं, तेव्हा ते पलंगावर होते. त्यानंतर त्यांची पायी वारी बंद झाली. आता एसटीनं वाखरीला येतात, दिंडी आली की टाळ घेऊन शेवटचा टप्पा चालायचं बघतात. मध्येच दम लागतो, मग ट्रकमध्ये आमच्याजवळ येऊन बसतात.

एकदा आम्ही त्यांच्यापुढं हात जोडले. त्यांनी हसून विषय उडवला. म्हणाले, ‘मीच अंगावर काढलं, तुमचा काय दोष. आणि तुळशीवर राग धरू नका हां.’ त्यांनी पदरात घेतलं, तरी आम्हाला आमचं माहीत आहे.

घरी आल्यावर आम्ही बसून विचार केला. काढा वाईट होता का? नव्हता. घाम आला, बरं वाटलं. तिथंच फसगत झाली. त्या बरं वाटण्यानं आमचे चार दिवस खाल्ले. चरकात खोकला, दमा आणि बरगडीतलं दुखणं लिहिलंय, ते वाचून आम्ही खूश व्हायचो. पण ते ग्रंथ वैद्यासाठी लिहिलेले आहेत. वैद्य रोग्याची नाडी, छाती, जीभ बघतो आणि मग औषध ठरवतो. आम्ही तर काकांच्या कपाळाला हात लावण्यापलीकडं काही बघितलं नव्हतं.

तेव्हापासून काही नियम केले. ट्रकमध्ये तुळशीच्या डब्याशेजारी थर्मामीटर आणि जलसंजीवनीची पाकिटं असतात. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. जुलाब लागले तर आधी हे, काढा नाही. ज्याला काढा औषध म्हणून दिला त्याचं नाव, दिवस आणि ताप वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी तेच नाव पुन्हा आलं, तर त्या माउलीला आमच्यापैकी एक जण हाताला धरून आरोग्य पथकाकडं नेतो. आणि धाप, छातीत दुखणं, बडबडणं, डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लगेच न्यायचं. पालखीच्या वाटेवर सरकार ही पथकं आपल्यासाठीच बसवतं.

पहिल्या वर्षी लोक नाराज झाले. ‘वारीत आलो ते देवाच्या भरवशावर, तुम्ही डॉक्टरकडं काय पिटाळता?’ असं ऐकून घेतलं. एका माउलीनं तर रक्तदाबाची गोळी वारीपुरती बंद केली होती. गळ्यात माळ आहे, गोळी कशाला, असं तिचं म्हणणं. तिला आम्ही वाद न घालता एवढंच सांगितलं, की माळ घातल्यावर तू भाकर खायची सोडलीस का? गोळीही भाकरीसारखी घे. ती आजही गोळी घेते आणि आजही येते. समोरच बसली आहे, हसतेय.

गळ्यातली तुळस आणि पातेल्यातली तुळस एकाच अंगणातली. पण गळ्यातलीवर आपला जो भाव आहे, तोच भाव आम्ही पातेल्यातलीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पातेल्यातल्या तुळशीला डोळे उघडे लागतात. तिचा वास तपासावा लागतो, प्रमाण बघावं लागतं, कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवावं लागतं. आम्हाला एवढंच कळलं.

जाता जाता एक विनंती. शताब्दीच्या वर्षी आम्ही मोठं काही मागत नाही. यंदा निघताना प्रत्येक घरानं सुती पिशवीत वाळलेली तुळस आणावी, पिशवीवर नाव लिहून. आणि त्याच पिशवीत एका चिठ्ठीवर आपल्याला कोणता आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरचा फोन कोणता, एवढं लिहावं. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावं. तुळस डब्यात जाईल, चिठ्ठी वहीत जाईल. प्रस्थानाच्या आधी दोन्ही आमच्या हातात पडू द्या.

काका यंदाही वाखरीला येणार आहेत. त्यांचा काढा बिनगुळाचा, वेगळ्या किटलीत. ते वहीत लिहून ठेवलंय.